हातावरची गाठ आणि वेगळं ताट

त्या ताई आत आल्या त्याच मुळी मुलाचं मनगट घट्ट धरून. खुर्चीवर बसायच्या आधी त्याची बाही वर सारली आणि म्हणाल्या, "बघा मॅडम, केवढं सुजलंय. आता यालाही टीबी."

मुलगा नऊ वर्षांचा. घरात आजोबांना फुप्फुसाचा टीबी निघालेला, औषध सुरू होऊन तीन आठवडे झालेले. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, त्यात याची मांटू, म्हणजे हातावर सुई टोचून करतात ती टीबीची चाचणी, पॉझिटिव्ह आली. ताईंनी घरी शाळेच्या पट्टीने मोजून पाहिलं होतं. चार सेंटिमीटर! पण त्यांनी मोजली होती लाली, आणि लाली यात धरतच नाहीत. आमच्या सिस्टरांनी बॉलपेन बाहेरून हळूहळू आत सरकवत नेलं आणि जिथे टोक अडलं तिथे खूण केली. मग दुसऱ्या बाजूने तसंच. मधला कडक भाग भरला 14 मिलिमीटर. साधारण 10 च्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरतात, म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह होतीच.

"म्हणजे टीबीच ना?" हा प्रश्न मला जवळजवळ रोज कुणीतरी विचारतं. विचारणारी बहुतेक वेळा आईच असते.

मी सांगितलं ते असं. सुईतून आत जातं त्यात जिवंत जंतू नसतो. टीबीच्या जंतूंना उष्णता देऊन मारतात आणि त्यांच्यापासून गाळून काढलेली प्रथिनं तेवढी असतात. शरीरातल्या टी-पेशींची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींची, या प्रथिनांशी आधी कधी ओळख झालेली असेल, तर त्या सुई टोचल्याजागी गोळा होतात. त्यांना जमायला वेळ लागतो, म्हणून तर आम्ही 48 ते 72 तासांनी हात दाखवायला बोलावतो. हातावरची गाठ म्हणजे या पेशींचा जमाव. शरीराने जंतूला ओळखलंय एवढंच ती सांगते. तो आजार करून बसलाय की गप्प पडून आहे, हे तिला सांगता येत नाही.

"पण मग जंतू आत आहे ना?" ताई.

असू शकतो. श्वासातून फुप्फुसात आलेल्या जंतूला मॅक्रोफेज नावाच्या पेशी गिळतात, पण हा चिवट, गिळल्यावरही मरत नाही. मग टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन सोडून मॅक्रोफेजना बळ देतात आणि जंतूभोवती पेशींचं कडं पडतं. बहुतेकांच्यात तो तिथेच अडकून राहतो. असा संसर्ग झालेल्या शंभरांतल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, आणि त्यातला मोठा धोका पहिल्या दोन वर्षांत. लहान मुलं, एचआयव्ही किंवा मधुमेह असलेले, कुपोषित, यांना जास्त.

ताईंनी मग बीसीजीचं काढलं. जन्मल्यावर टीबीची ही लस दिली होती, त्यानेच तर नाही ना सुजलं? शंका रास्त होती. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1921 पर्यंत तेरा वर्षं जंतू पुन्हा पुन्हा वाढवून ही लस तयार केली. तिच्यातही मांटूतली बरीच प्रथिनं आहेत, त्यामुळे कधी लसीनेही गाठ उठते. म्हणून आता ईसॅट-6 आणि सीएफपी-10 या दोनच प्रथिनांवर बेतलेली त्वचाचाचणी आली आहे. ही दोन्ही बीसीजीच्या जंतूत नाहीत. पण जन्मतः दिलेल्या लसीचा हा परिणाम वर्षांगणिक ओसरतो, आणि इथे तर घरातच खोकणारा रुग्ण होता. आम्ही लसीवर ढकलून मोकळे झालो नाही.

एक्स-रे स्वच्छ आला. खोकला नाही, ताप नाही, वजन ठीक. हे आधी बघावंच लागतं, कारण आजार असताना एकच औषध दिलं तर जंतू त्याला दाद देईनासा होतो. मग पुढे आजार होऊ नये म्हणून वजनाप्रमाणे आयसोनियाझिड हे टीबीचं औषध सुरू झालं, रोज, सहा महिने.

निघताना ताई हळूच म्हणाल्या, "याचं ताट-वाटी वेगळी केलीय. आजोबांचीही." मला फार वाईट वाटलं. टीबी भांड्यातून लागत नाही, तो खोकल्यातून हवेत येतो. आणि मुलाला आजार नव्हताच, त्याच्यापासून कुणाला काही लागणार नव्हतं. आजोबांनी खोकताना तोंडावर रुमाल धरायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि गोळी चुकवायची नाही, बस्स. ताटं मात्र आजच एकत्र करा, असं मी दोनदा सांगितलं.

तिसऱ्या महिन्यात त्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून मोजायला घेऊन आल्या. "आता परत मांटू करून बघू? निगेटिव्ह आली की गोळ्या बंद करते." नाही, ताई. गोळ्यांनी जंतू मरतो, पेशींची ओळख पुसत नाही. टेस्ट पुढेही बहुतेक पॉझिटिव्हच येईल. ती पुन्हा करायची नाही आणि गोळ्या पुऱ्या करायच्या.

मुलगा तोवर टेबलावरच्या पट्ट्या मोजत होता. एक कमी भरली. ती आजोबांच्या गोळ्यांच्या पिशवीत सापडली. घरी दोघं एकाच वेळी, शेजारी बसून गोळ्या घेतात म्हणे.