टीमसाठी छोटी टूल्स लिहायची आहेत. आवडती भाषा घ्यावी की सगळ्यांना येणारी?

टीममध्ये सगळ्यांना पायथन येतं, आणि रिलीजची टूल्स तुम्हाला आवडतं म्हणून हॅस्केलमध्ये लिहायची आहेत, असं तुम्ही म्हणता. माझं मत विचाराल तर पायथनमध्येच लिहा.

प्रॉडक्टचा कोड रोज कुणी ना कुणी वाचत असतं, टूलचा कुणीच वाचत नाही. ते महिनोन्‌महिने मुकाट चालतं आणि ऐन रिलीजच्या संध्याकाळी अडतं. कारण बहुधा किरकोळच असतं. व्हर्जन ९ वरून १० वर गेलं, तुलना स्ट्रिंगची, म्हणजे आकड्यांऐवजी एकेका अक्षराची होती, म्हणून १० लहान ठरलं. टूल पायथनमध्ये असेल तर शेजारची टेस्टर फाइल उघडते, दोन्हींचा इंटिजर (पूर्णांक) करते आणि कामाला लागते. हॅस्केलमध्ये असेल तर तुम्हाला फोन येतो. तुम्ही रजेवर असलात की लोक ते काम हाताने उरकतात, आणि एकदा हाताने उरकलं की त्या टूलकडे सहसा कुणी परत वळत नाही.

पण ‘सगळ्यांना येणारी’ म्हणजे नेमकी कुणाला, हे नीट बघा. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कॉन्फिगरेशनसाठी एरिक रेमंड यांनी सीएमएल२ नावाचं टूल पायथनमध्ये लिहिलं होतं. पायथन तेव्हाही अनोळखी नव्हतं, पण कर्नल बिल्ड करायला मशीनवर पायथन लागणार हे अनेक डेव्हलपरांना पटेना. आक्षेप इतरही होते. शेवटी २००२ मध्ये रोमन झिप्पेल यांची सी भाषेतली व्यवस्था कर्नलमध्ये गेली.

फिश शेलचं (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) उलटं झालं. ते सी++ मध्ये लिहिलेलं होतं. रस्टपेक्षा सी++ कितीतरी जास्त लोकांना येतं, तरी फिशच्या डेव्हलपरांनी २०२३ मध्ये कोड रस्टमध्ये न्यायला घेतला आणि २०२५ मध्ये ४.० आवृत्ती काढली. हातभार लावायला नवे लोक यावेत, हे त्यामागचं एक कारण होतं. तेव्हा जगात किती जणांना भाषा येते यापेक्षा तुमच्या टूलला हात कोण लावणार, ते मोजा.

पायथन घेतलंत तर होता होईल तो पायथनसोबतच येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीवर भागवा, आणि कोणतं व्हर्जन लागतं ते रीडमीमध्ये लिहून ठेवा. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या मर्क्युरिअलसारख्या मोठ्या प्रकल्पालाही पायथन २ वरून ३ वर जायला वर्षानुवर्षं लागली.

टीममधले आणखी दोघं हॅस्केलचा कोड रिव्ह्यू करायला खरोखर तयार असतील, तर माझं उत्तर बदलेल. ते आधी विचारून घ्या.