डॉकर ‘टाका’, ‘बसवा’ की ‘स्थापित करा’?

प्रश्न असा : डॉकर (प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या गोष्टींसह ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू या लिनक्स प्रणालीवर घेण्याच्या सूचना मराठीत लिहिताना ‘इन्स्टॉल’साठी कोणतं क्रियापद वापरावं? आणि रन, स्टार्ट, एनेबल या तिन्हींना ‘सुरू करा’ म्हटलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ‘इन्स्टॉल करा’ किंवा ‘बसवा’, दोन्ही चालतील. नळ, पंखा, मीटर आपण बसवतोच. ‘स्थापित करा’ रोजच्या मराठीत कुणी म्हणत नाही. आपल्याकडे स्थापना होते ती गणपतीची, नाहीतर मंडळाची. बोलताना ‘लिनक्स टाकून घे’ सर्रास चालतं आणि खटकतही नाही. लेखी सूचनेत मात्र ‘टाका’ टाळा. डॉकरच्या अधिकृत पद्धतीत सुरुवातीलाच डॉकर डॉट आयओ, कंटेनरडी, रनसी ही उबुंटूच्या भांडारातली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार संच) काढावी लागतात, कारण कंटेनरडी आणि रनसी (कंटेनर चालवणारे घटक) दोन्ही डॉकरच्या स्वतःच्या कंटेनरडी डॉट आयओ पॅकेजातच येतात आणि आधीच्या प्रतींशी त्यांचा खटका उडतो. तिथे ‘जुनी पॅकेजेस टाका’ असं लिहिलं, तर वाचणारा ती घालेल की फेकेल? दोन्ही अर्थ अस्सल मराठी आहेत. तिथे ‘काढा’च हवं.

दुसऱ्याचं उत्तर : नाही, अजिबात चालणार नाही.

उबुंटूवर पॅकेज बसलं की डॉकरची सेवा, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम (डीमन), आपोआप सुरू होते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर ती हाताने सुरू करावी लागते. सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमसीटीएल कमांडमध्ये स्टार्ट म्हणजे ‘सेवा आत्ता सुरू करा’. एनेबल म्हणजे ‘दर बूटला आपोआप सुरू होईल असं करा’. नुसतं एनेबल केलं तर सेवा त्या क्षणी बंदच राहते आणि पुढच्या कमांडला डीमनशी संपर्क होत नसल्याची एरर येते. ‘सक्षम करा’ या प्रतिशब्दातून यातलं काहीच कळत नाही. दोन्ही एकदम हवं असेल तर एनेबलला ‘नाऊ’ हा पर्याय जोडायला सांगा.

रन आणि स्टार्टमधला फरक तर फार महत्त्वाचा. डॉकर स्टार्ट थांबलेला कंटेनर पुन्हा सुरू करतं. डॉकर रन इमेजवरून (कंटेनरच्या तयार साच्यावरून) दर वेळी नवा कंटेनर तयार करून चालवतं. दोन्हींना ‘सुरू करा’ म्हटलं की वाचणारा रोज रन देत बसतो. कंटेनरला ठरावीक नाव दिलेलं असेल तर ते आधीच वापरात असल्याची एरर येते. नाव दिलेलं नसेल तर कंटेनरांची यादी दाखवणाऱ्या ‘पीएस’ला ‘ए’ पर्याय लावल्यावर थांबलेल्या कंटेनरांची रांग दिसते. शिवाय व्हॉल्यूम (डेटा कंटेनरबाहेर ठेवण्याची जागा) जोडलेला नसला तर कालचा डेटा नव्या कंटेनरात नसतो, तो जुन्यातच पडून राहतो. म्हणून रनसाठी ‘नवा कंटेनर चालवा’ असं लिहा, आणि ‘नवा’ गाळू नका.

इमेजला ‘प्रतिमा’ म्हणू नका, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फोटो येतो. मराठीत तो कंटेनर आणि ती इमेज, हा लिंगभेद सूचनेत उपयोगीच पडतो : डॉकर आरएम दिल्यावर तो जातो, ती राहते, ती काढायला आरएमआय.

शेवटी ग्रुप. सुडोशिवाय, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरचे अधिकार न घेता, डॉकर वापरताना सॉकेटची (डीमनशी बोलण्याच्या जोडणीची) परवानगी नाकारली जाते, म्हणून युजरमॉड कमांडने युजरला डॉकर ग्रुपमध्ये घेतात. त्यात छोटा ‘ए’ आणि मोठा ‘जी’ असे दोन्ही पर्याय लागतात. ‘ए’ राहिला तर ग्रुपांची जुनी यादी पुसली जाते आणि युजर सुडो ग्रुपमधूनही बाहेर पडतो. त्यामुळे ‘ग्रुप बदला’ असं लिहू नका. ‘आधीच्या ग्रुपांत डॉकर ग्रुपची भर घाला, मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा’ असं लिहा. या ग्रुपमधल्या युजरला जवळजवळ रूटचेच अधिकार मिळतात, तेव्हा ‘डॉकर वापरण्याची परवानगी द्या’ इतकं सौम्य वाक्यही पुरेसं नाही. ‘रूटइतके अधिकार’ हे शब्द त्याच ओळीत यायला हवेत.