श्रावणातला गोवा : समुद्र लांबूनच पाहावा

प्रश्न : येत्या श्रावणात जोडून सुट्टी मिळत असल्याने 11 आणि 15 वर्षांची दोन मुले व सत्तरीतली आई यांना घेऊन सोलापूरहून मोटारीने चार दिवस गोव्याला जाण्याचा विचार आहे. हॉटेलांचे दर हिवाळ्यापेक्षा बरेच उतरलेले दिसतात. मुलांना समुद्रात डुंबायचे आहे आणि दूधसागर पाहायचा आहे. परंतु ऑफिसातील मंडळी म्हणतात, पावसात गोव्यात काय ठेवले आहे? आम्ही जावे की नाही?

उत्तर : जरूर जावे. मात्र डुंबण्याचा बेत सोलापुरातच सोडून निघावे आणि तसे मुलांना आधीच स्पष्ट सांगावे. लाटा समोर दिसू लागल्यावर कोणतेही मूल ऐकत नाही.

हे काळजीपोटी लिहीत आहे. पावसाळी वाऱ्याने उसळलेल्या लाटा किनाऱ्याकडे सतत पाणी लोटत असतात, आणि ते पाणी परत फिरताना वाळूच्या दांड्यांमधील अरुंद वाटेने एकवटून खोल समुद्राकडे धावते. नेमक्या त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे आजूबाजूच्या फेसाळ पाण्याच्या मानाने तीच जागा शांत वाटते आणि नवखा माणूस तेथेच उतरतो. गुडघाभर पाण्यात उभे असतानाच पायाखालची वाळू सरकते, तोल जातो, आणि मग पट्टीचा पोहणारासुद्धा त्या ओढीविरुद्ध हातपाय मारून दमतो. कोणी सापडलेच, तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. तरंगत राहून हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर पडावे. लाल बावटा लावलेला असेल, तर त्याचा अर्थ ‘जपून उतरा’ असा नसून ‘उतरूच नका’ असा आहे.

दूधसागराची जीप कुळ्याहून सुटते, पण ती पावसाळ्यात बंद असते, आणि रुळांवरून चालत धबधब्यापर्यंत जाण्यास मनाई आहे. तो पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे कॅसलरॉक ते कुळे या घाटातून दिवसा जाणाऱ्या रेल्वेगाडीत खिडकीशी बसणे. काही क्षणच दिसतो, पण भरलेला दिसतो.

आपण मुक्काम किनाऱ्याऐवजी फोंड्याच्या बाजूला करावा, असे मला मनापासून वाटते. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा आणि कवळ्याची शांतादुर्गा ही देवळे तेथून जवळ असून आईंना फार चालावे लागणार नाही. फक्त ओल्या फरशीवर त्यांचा हात धरावा. एक सकाळ तांबडी सुर्लासाठी राखून ठेवावी. कदंबांच्या काळातले हे काळ्या दगडाचे छोटे महादेवाचे देऊळ जंगलाच्या कुशीत उभे आहे, शेजारून नदी वाहते, आणि पावसात भिजल्यावर त्या दगडाचा काळा रंग जो खुलतो, तो हिवाळ्यातल्या पर्यटकाला दिसत नाही. नदीच्या पात्रात मात्र उतरू नये, कारण वर डोंगरात पाऊस झाला की पाणी अचानक चढते. पायांना जळवा चिकटल्या, तर मीठ लावावे.

जेवणातही हा ऋतू वेगळा आहे. रानात उगवणारी अळमी, म्हणजे अळंबी, मिळाली, तर भाव करीत बसू नये, ती फार थोडे दिवस मिळते. नागपंचमीच्या सुमारास गेलात, तर हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या मागून खाव्यात. पान उलगडताना येणारा वास मुलांच्या कायम लक्षात राहील.

दिवसाला एकच ठिकाण ठरवावे. चोर्ला असो वा अनमोड, घाट उजेडातच उतरावा, आणि निघण्यापूर्वी रस्ता चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : आम्ही ठाण्याहून कोकण रेल्वेने जुलैत जाणार आहोत. गाड्या वेळेवर असतात का? आणि मासे मिळतील ना?

उत्तर : पावसाळ्यासाठी कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक असते, म्हणून वेळ तिकिटावरची पाहावी, मागच्या हिवाळ्यातली नव्हे. मुसळधार पावसात दिसेनासे झाले, तर दरडींच्या धोक्यामुळे गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरपर्यंत उतरवतात. त्यामुळे पोहोचल्याबरोबर पुढची बस किंवा विमान गाठण्याचा बेत करू नये. मासेमारीवर 1 जून ते 31 जुलै बंदी असते आणि या काळात यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. साहजिकच ताजी मासळी कमी आणि महाग असते. माशांसाठीच जाणार असाल, तर तिकिटे ऑगस्टची काढा.