बीओटी करारात नगरपरिषदेने नक्की काय ताणून धरावं?

तुम्ही लिहिलंय की तुमची नगरपरिषद भाजी मंडई आणि तिच्या तळघरातलं वाहनतळ 30 वर्षांच्या बीओटीवर (कंपनीने बांधायचं, ठरलेली वर्षं चालवून कमवायचं आणि मग परत द्यायचं) देणार आहे, तुम्ही बांधकाम विभागात अभियंता आहात आणि कंपनीबरोबर वाटाघाटीला तुम्हाला बसवणार आहेत. मग ताणून काय धरायचं? मी बारा वर्षं स्वतंत्र अभियंत्याच्या, म्हणजे अशा करारांवर दोन्ही पक्षांच्या मधे बसून देखरेख करणाऱ्याच्या, कार्यालयात काढली, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्यात. त्या जोरावर सांगतो.

निविदा उघडून झाली असेल तर वाटाघाटीची वेळ बरीचशी टळली आहे. आकड्यावर थोडी घासाघीस होईल, पण अटींना हात लावलात तर दुसऱ्या नंबरवाला कोर्टात जाईल, आणि त्याचं चुकीचं नसेल. या अटी आधी कळल्या असत्या तर त्यानेही वेगळा दर भरला असता. खरी वाटाघाट होते ती निविदापूर्व बैठकीत. कंपन्या शंका विचारतात, आपण चहा पाजतो, आणि सल्लागाराने लिहून दिलेलं शुद्धिपत्रक, म्हणजे निविदेतल्या बदलांचा कागद, धड न वाचता लावून टाकतो. एखादी जोखीम आपल्या गळ्यात पडते ती त्यातल्याच एखाद्या ओळीने. निविदा अजून उघडली नसेल तर आजच तो कागद काढून वाचा.

तुमच्या बाबतीत सगळ्यात नाजूक कलम वाहनतळाच्या दराचं. दर किती, यापेक्षा तो पुढे कोण वाढवणार आणि कोणत्या कायद्याखाली, हे बघा. मुंबईच्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. करार 2007 चा, त्यात तिकीट 9 ते 13 रुपये. जून 2014 मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा कंपनीने लावले 10 ते 40. एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे करारातली सरकारी बाजू) करार दाखवत होती आणि कंपनी केंद्राचा मेट्रो कायदा. मार्ग पहिल्यांदा सुरू होताना दर ठरवायचा अधिकार त्या कायद्याने 'मेट्रो रेल्वे प्रशासना'ला दिलाय. मग प्रशासन म्हणजे कोण, इथपासून वाद! पुढे 2015 मध्ये दरनिश्चिती समितीने 110 रुपयांपर्यंत दर सुचवला आणि डिसेंबर 2017 मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. करारात आकडा स्वच्छ लिहिलेला असूनही ही गत झाली. म्हणून तुमच्या करारात दरवाढीचं सूत्र लिहा, आधारवर्ष लिहा, आणि सर्वसाधारण सभेने दरवाढ अडवली तर कंपनीचा तोटा कोण भरणार हेही लिहा. शेवटचं वाक्य कुणालाच लिहायला आवडत नाही, कारण निवडणुकीच्या वर्षी सभा दरवाढ अडवणार हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना पक्कं माहीत असतं.

दुसरी गोष्ट जागेची. त्याच मेट्रोत जागा वेळेवर मिळाली नाही, खर्च वाढला, अशा दाव्यांवर ऑगस्ट 2023 मध्ये लवादाने बहुमताने कंपनीच्या बाजूने सुमारे 992 कोटींचा निवाडा दिला. तुमच्या मंडईतले जुने गाळेधारक उठणार आहेत का? त्यांना तात्पुरतं कुठे बसवणार? मंडईची जागा हातात येईपर्यंत कंपनीची मुदत सुरू होणार नाही अशी 'नियत तारीख' करारात ठेवा. राष्ट्रीय महामार्गांच्या बीओटीत बहुतांश जागा दिल्याशिवाय घड्याळ सुरू होत नाही. आपण मात्र भूमिपूजनाच्या फोटोसाठी सहा महिने आधीच ते सुरू करून बसतो.

आता माझ्या डोळ्यादेखत झालेलं सांगतो. एका गावच्या प्रकल्पाचा वाद लवादापुढे गेला. कंपनीने एक बॉक्स फाइल टेबलावर ठेवली, आत 41 पत्रं. प्रत्येकाचा विषय तोच, उत्तरेकडची जागा अद्याप ताब्यात मिळालेली नाही. प्रत्येकावर आवक विभागाचा निळा शिक्का. सरकारी बाजूची नस्ती उघडली तर त्याच पत्रांवर शेरा: 'माहितीस्तव. नस्तीबद्ध करावे.' उत्तर एकालाही नाही. गंमत म्हणजे ती जागा 41 पैकी दुसऱ्या क्रमांकाच्या पत्राच्या सुमारासच दिलेली होती, मी स्वतः तिथे उभा होतो. पण ताबा पावती कुणी केली नव्हती. लवादाने मला विचारलं, "कागद आहे का?" माझ्याकडे मोबाइलमधला एक फोटो होता, त्यात एक जेसीबी आणि एक म्हैस.

म्हणून सही झाल्यावर आधी एक माणूस नेमा, ज्याचं काम एवढंच की कंपनीच्या प्रत्येक पत्राला करारातल्या मुदतीत उत्तर जावं, 'दावा मान्य नाही' एवढ्या एका ओळीचं का होईना. मुदतींचा तक्ता भिंतीवर लावा. महसूल एस्क्रो खात्यातूनच (बँकेतलं वेगळं खातं, ज्यातून पैसे करारात ठरलेल्या क्रमानेच निघतात) फिरेल हे बघा आणि बँकेचं विवरण दरमहा मागवा, नाहीतर वाहनतळाची वसुली रोखीत कुठे जिरते ते कधीच कळत नाही. मुख्याधिकारी बदलले की करारातली प्रलंबित प्रकरणं पदभार यादीत लिहून घ्या.

कंपनी पाच वर्षांनी 'परवडत नाही' म्हणत आली तर लगेच ठगही समजू नका. सरकारी-खासगी भागीदारीचा आढावा घेणाऱ्या केंद्राच्या विजय केळकर समितीनेही 2015 च्या अहवालात दीर्घ मुदतीच्या करारांच्या फेरवाटाघाटीला जागा ठेवली होती. पण बोलायच्या आधी तिचं बोलीच्या वेळचं आर्थिक प्रतिमान, म्हणजे पुढच्या वर्षांच्या उत्पन्न-खर्चाचं गणित, मागा, तेच, ज्यावर बँकेने कर्ज दिलं. वाहनांची संख्या तिने मुळातच फुगवून धरली असेल तर तो तिचा धंद्याचा अंदाज चुकला. तुम्ही समोर दुसरं वाहनतळ काढलं असेल तर मात्र ऐकून घ्यावं लागेल.

कराराचा मसुदा हातात आला की दराचं आणि करारसमाप्तीचं कलम इथे टाका, नावं खोडून. बघून सांगतो.