पोरीची नोंद पोस्टरवरून काढलीत तिथेच चुकलं

पत्र: मुलगी बारावी सायन्सला आहे. उसाच्या चिपाडाचा कोळसा करून तिने हवेतले वायू शोषणारा फिल्टर बनवला. बरणीत नेलपॉलिश रिमूव्हरची वाफ, त्यात कोळसा, रोज वजन. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दुसरा नंबर आला. पहिला हुकला कारण परीक्षकांना म्हणाली, 'हे किती दिवस चालेल ते आत्ता सांगता येणार नाही.' पावसाच्या दिवशी वजन उगाच वाढल्याची नोंदही होती, ती मी पोस्टरवरून काढायला लावली होती. आता पेटंट घेऊन गाड्यांच्या सायलेन्सरला बसवायचा स्टार्टअप करायचाय. इंजिनिअरिंग प्रवेशात याचे मार्क मिळतात का? ती बीएस्सी म्हणते, मला मान्य नाही.
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर: दादा, मार्कांचं आधी सांगते, सीईटी किंवा जेईईत प्रदर्शनाचे मार्क धरत नाहीत. पण तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. तुम्ही तिची नोंद काढायला लावलीत. का? अहो, पावसाळी हवेत बाष्प जास्त असतं, ते कोळशाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं, वजन वाढतं आणि ज्या वायूसाठी कोळसा ठेवलाय त्याला जागा कमी उरते. कारखान्याच्या धुराड्याशी कार्बनचा फिल्टर लावणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो. बारावीतल्या मुलीला वजनकाट्यावर तो दिसला, तिने तो लिहून ठेवला, आणि घरातल्याच माणसाने तो पुसायला सांगितला. आणि 'किती दिवस चालेल' हाच तर या विषयातला मुख्य प्रश्न आहे, छिद्रं भरली की वायू सरळ पलीकडे जायला लागतो, मग तो कोळसा बदला नाहीतर तापवून मोकळा करा. तिने खरं ते सांगितलं म्हणून नंबर हुकला असेल तर हुकू दे.

आता सायलेन्सर. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. कोळसा वायू धरतो तो थंडपणात, तापला की धरलेलं सोडून देतो, आणि सायलेन्सरमधून येतो तो गरम धूर. त्यातला कार्बन मोनॉक्साइड तर कोळसा जवळजवळ धरतच नाही, आणि काजळीने छिद्रं बुजतात ते वेगळंच. गाडीत अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे मुद्दाम जास्त छिद्रं पाडलेला कोळसा, असतो, पण तो पेट्रोलच्या टाकीतून निघणारी वाफ धरायला, कॅनिस्टर नावाच्या डब्यात. इंजिन चालू झालं की त्यातून हवा ओढली जाते, वाफ जळायला इंजिनात जाते आणि कार्बन परत रिकामा होतो. म्हणजे किती दिवस चालेल याचं उत्तर त्या रचनेतच आहे! आणि शोध म्हणाल तर नारळाच्या करवंटीचा कोळसा पहिल्या महायुद्धातच गॅस मास्कमध्ये वापरला गेला. त्यात प्रदर्शनात मांडून झालेल्या गोष्टीला पेटंट मिळणं तसंही अवघड. चिपाड फुकट मिळतं हेही डोक्यातून काढा, साखर कारखाने तेच बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, त्याला भाव आहे.

म्हणून या विषयात काही नाही असं नाही, भरपूर आहे, बायोगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढणं, रंगाच्या कारखान्यांतली सॉल्व्हंटची वाफ धरणं, कुठल्या काडीकचऱ्याचा कोळसा कुठल्या वायूला चालतो ते बघणं. पण ते काम जी पोर न आवडलेलं रीडिंगही लिहून ठेवते तिलाच जमतं.

मार्ग नेहमीचेच: बीएस्सी केमिस्ट्री, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, किंवा केमिकल इंजिनिअरिंग आणि पुढे एमटेकसाठी गेट परीक्षा, गेटमध्ये २०२१ पासून पर्यावरणाचा वेगळा पेपर आहे. नागपूरची नीरी ही पर्यावरणावर संशोधन करणारी सरकारी संस्था याच क्षेत्रात काम करते. ती बीएस्सी म्हणते तर करू द्या. स्टार्टअपचं आत्ता तिच्यासमोर बोलूही नका, बारावीचं वर्ष आहे.

तिला एवढं सांगा की दुसरी बरणी ठेव, त्यात नुसता कोळसा, रिमूव्हर नाही, आणि दोन्हींचं वजन शेजारीशेजारी लिही, पावसाचं किती आणि वाफेचं किती ते वेगळं कळेल. रिमूव्हर पटकन पेट घेतं, तेव्हा बरण्या स्वयंपाकघरात गॅसजवळ नकोत.