दारावरचा लव्हाळ्याचा क्रूस

ताई, तुम्ही विचारलंत की ऑगस्टमध्ये सात वर्षांच्या लेकीला घेऊन आयर्लंडला येतोय, तिथल्या जुन्या सेल्टिक अध्यात्माबद्दल बरंच वाचलंय, ते रोजच्या जगण्यात कुठे भेटतं का? परमिट, भाडं, बँक यावर मी लिहीत नाही, ती माहिती सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेली आहे. फक्त रहिवासी कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या बराच आधी करा. माझं कार्ड अडकलेलं असतानाच बाबा गेले. देशाबाहेर पडले तर परत आत येता येईल का, एवढंच मी कार्यालयाला विचारत होते. तीन आठवडे कुणी उत्तर दिलं नाही, आणि मी गेले नाही.

दहाव्याला भाऊ फोनवर घाट दाखवत होता. मला घरात बसवेना. आम्ही किल्डेअरला राहतो. गावाबाहेर टली इथे संत ब्रिगिडची विहीर आहे, तिथे गेले. विहिरीजवळच्या झाडाला लोक चिंध्या बांधतात. चिंधी पाण्यात भिजवायची, दुखणं मनात धरायचं आणि बांधायची. चिंधी कुजत जाते तसं दुखणं ओसरतं, असं मानतात. म्हणून सुतीच हवी. नायलॉनच्या रिबिनी वर्षानुवर्षं तशाच लोंबत राहतात, फांदीलाही काचतात. मी जुन्या सुती साडीचा तुकडा फाडून नेला होता. शेजारी एक बाई तिची चिंधी बांधत होती. तिने मला काहीही विचारलं नाही. बाबांसाठी मी त्या दिवशी एवढंच करू शकले.

'सेल्टिक अध्यात्म' हा शब्द मी शेजारपाजारी कधी ऐकला नाही. पुस्तकांत त्या नावाखाली येणारं बरंच काही अलीकडचं आहे. द्रुइडांनी, म्हणजे जुन्या सेल्टिक पुरोहितांनी, स्वतः काही लिहून ठेवलं नाही. उरल्या आहेत त्या रीती. ब्रिगिड ही देवीही आणि संतही. १ फेब्रुवारी तिचा दिवस, वसंताची सुरुवात; २०२३पासून तिच्या नावाची सुट्टीही आहे. किल्डेअरला तिचा अखंड अग्नी होता. १९ जोगिणी (नन) पाळीपाळीने तो राखत आणि विसाव्या रात्री ब्रिगिड स्वतः, असं बाराव्या शतकातल्या एका प्रवाशाने लिहिलंय. पुढे तो विझला. १९९३ साली इथल्या जोगिणींनी पुन्हा पेटवला. ते वाचून मी देवघरातला दिवा रात्रभर ठेवायला लागले. देवघर घेऊन या, ताई. इथे कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

३१ जानेवारीच्या रात्री बाहेर कापड टाकून ठेवतात. ब्रिगिड जाताना त्याला हात लावते म्हणे. शेजारच्या आजी ते कापड वर्षभर जपतात. माझ्या लेकीचं डोकं दुखत होतं तेव्हा त्यांनी ते तिच्या कपाळाला बांधलं. घरी आल्यावर मी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. दोन्ही मनापासून.

शाळेबद्दल मात्र अजून सलतं. इथल्या दहांतल्या जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक आहेत. प्रवेशासाठी बाप्तिस्म्याची अट २०१८मध्ये गेली, धर्माच्या तासाला सूटही मिळते. पण दुसरीत पहिल्या कम्युनियनची, म्हणजे कॅथलिक मुलांनी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीची, तयारी कित्येक महिने चालते. लेक मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसायची. त्या दिवशी मैत्रिणी पांढऱ्या झग्यांत मिरवल्या. "आपण का नाही?" तिने विचारलं. "ते आपलं नाही," असं मी तोडून बोलले. असं बोलायला नको होतं.

त्याच वर्गाच्या बाईंनी तिला ब्रिगिडचा क्रूस विणायला शिकवलं. लव्हाळी कापायची नाहीत, उपटायची. मधे चौकोन धरून एकेक काडी दुमडत चारी बाजूंना फिरवायची. ओल्या चिखलाचा वास येणारा तो क्रूस घेऊन ती आली. घराला आग लागू नये म्हणून तो दारावर लावतात. मी तोरणाच्या वर लावला. "मग हे आपलं आहे?" तिने विचारलं. मी लव्हाळ्याची टोकं दोऱ्याने बांधत राहिले.

तेव्हा शाळा ठरवताना एकच विचारा: सूट दिलेली मुलं त्या तासाला कुठे बसतात, काय करतात? उत्तर गुळमुळीत आलं तर 'एज्युकेट टुगेदर'च्या शाळा बघा, तिथे सगळ्या धर्मांची मुलं एकत्र शिकतात. अर्ज मुदतीत करा.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, तेव्हा जास्त.

आलात की एखाद्या रविवारी टलीला जाऊ. लेकीसाठी गमबूट घ्या, आणि सोबत एखादं जुनं सुती कापड असू द्या.