गाडी मागून घरघरते, वर्कशॉप आधी म्हणालं नॉर्मल, आता म्हणतं ओव्हरलोड

सांगलीहून एका दादांनी लिहिलंय. डबे पोचवायच्या धंद्यासाठी कर्ज काढून 6 लाख 20 हजारांची नवी व्हॅन घेतली, स्वतःच चालवतात. चौथ्या महिन्यापासून मागून घरघर सुरू झाली, तीनदा वर्कशॉपला नेली, तिन्ही वेळा 'नॉर्मल आहे, ही गाडी अशीच वाजते' म्हणून परत दिली, आणि आता अकराव्या महिन्यात म्हणतायत ओव्हरलोडनं डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) गेलंय, वॉरंटीत बसत नाही, 38 हजार भरा. दादा विचारतात, हप्ते बंद करून गाडी शोरूमसमोर उभी करू का?

दादा, हप्ते अजिबात थांबवू नका. कर्ज वेगळं, गाडीतला दोष वेगळा. हप्ता चुकला की सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब होतं, फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली तर धंदाही जातो आणि पुरावाही.

तुमची खरी अडचण जॉब कार्डांत आहे, म्हणजे वर्कशॉप तक्रार आणि काम ज्यावर लिहितं त्या कागदांत. दोन कार्डांवर नुसतं 'जनरल चेकअप' लिहिलंय, तुम्ही आवाजाची तक्रार केली होती याचा कागदावर पत्ताच नाही. पण तिसऱ्यावर 'मागून आवाज, तपासला, ओके' आहे, ते कार्ड जिवापाड जपा, कारण दोष तेव्हा होता आणि त्यांनी धड बघितला नाही हे त्यांच्याच हातचं आहे, यालाच सेवेतली त्रुटी म्हणतात.

आता एखाद्या जाणत्या मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर कुई वाढते आणि पाय काढला की बदलते, तर संशय क्राऊन पिनियनवर, म्हणजे डिफरन्शियलमधल्या दातेरी गिअरवर. पाय काढला, न्यूट्रल केलं तरी घरघर तशीच आणि वळणावर कमीजास्त होते, तर बहुतेक व्हील बेअरिंग. गिअर टाकताना मागं 'टक' होतं, तर प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, बघायला सांगा. हे सगळं स्पीड आणि गिअरसकट तुमच्या शब्दांत पुढच्या जॉब कार्डवर लिहून घ्या, लिहीत नसतील तर तिथंच उभं राहून त्यांना ईमेल करा. बाहेरच्या मेकॅनिकला फक्त ऐकवा, एक बोल्टसुद्धा खोलू देऊ नका, नाहीतर उद्या तेच कारण पुढं करतील. आवाजाचा व्हिडिओ काढा पण मूळ फाइल फोनमध्येच ठेवा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडायला लागतं.

धंद्याची गाडी म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं ते म्हणतील. घाबरू नका, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा माणूस 2019 च्या ग्राहक कायद्यात ग्राहकच आहे.

नवी गाडीच द्या ही मागणी मात्र मी मुख्य ठेवणार नाही. 2006 मध्ये क्लच बिघडलेल्या एका गाडीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की वॉरंटीत पार्ट बदलून द्यायची जबाबदारी असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून डिफरन्शियल फुकट बदलून द्या, बुडालेल्या दिवसांची भरपाई द्या, मानसिक त्रास आणि खर्च द्या, हे मागा.

आधी डीलर आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टानं नोटीस, 15 दिवसांची मुदत, आणि त्यात स्पष्ट विचारा की ओव्हरलोड कशावरून ठरवलं, तपासणीचा रिपोर्ट द्या. उत्तर नाही आलं तर सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, तुम्ही राहता तिथं करता येते. 5 ते 10 लाखांच्या वस्तूला फी फक्त 200 रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दोष तपासायला आयोगाला ग्राहक कायद्याच्या कलम 38 खाली प्रयोगशाळेकडं पाठवता येतं, त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागते, ती तयारी ठेवा.

आणि गाडीशिवाय चूल पेटणार नसेल तर 38 हजार भरा, पण बिलावर 'हक्क राखून, हरकत घेऊन पैसे भरत आहे' असं लिहून सही करा आणि काढलेला जुना क्राऊन पिनियन तिथं सोडू नका. तुमच्यासमोर पिशवीत घालून सील करून घ्या, फोटो काढा, गाडीचा नंबर दिसेल असा. दातांवरची झीज उद्या तज्ज्ञाला दाखवायची आहे. ती तीन जॉब कार्डं आजच झेरॉक्स करा, काही प्रिंट कालांतरानं पुसट होतात.